जुन्या ओरॅकल सर्व्हरचं कनेक्शन मधूनच तुटतं: माग कसा काढला

"भाऊ, परत गेलं."

स्टोअरच्या ताईंचा हा फोन गेल्या पावसाळ्यात मला आठवड्यातून चार-पाच वेळा यायचा. कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, मी राहायला पाथर्डी फाट्याला. गाडी काढून पोचेपर्यंत कनेक्शन परत आलेलं असायचं, ताई जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची नोंद, टाकत बसलेल्या असायच्या आणि मला बघून त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. "आत्ता चालतंय बघा. पण मगाशी खरंच गेलं होतं हो."

खरंच गेलेलं असायचं. अशा तक्रारीत सगळ्यात मोठा अन्याय होतो तो तक्रार करणाऱ्यावर, कारण दाखवायला त्याच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून हा सगळा माग कसा काढला ते सविस्तर लिहितोय. अंबड, सातपूर, सिन्नर या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे डेटाबेस सर्व्हर मी अजून कामावर असलेले बघतो, आणि तिथली तक्रार शब्दाशब्दाला हीच असते: चालतं, चालतं आणि मधूनच तुटतं.

आधी यंत्रणा सांगतो. सर्व्हरवर ओरॅकल १०जी रिलीज २ हा डेटाबेस, खाली रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ४ ही ऑपरेटिंग सिस्टिम. समोर चाळीसेक कॉम्प्युटर, काही विंडोज एक्सपीचे, काही विंडोज ७ चे, आणि सगळ्यांवर ओरॅकलच्याच फॉर्म्स ६आय या साधनात बांधलेले स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्सचे फॉर्म. दुसरं युनिट सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत, तिथले आठ कॉम्प्युटर व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खाजगी वाटेने, याच सर्व्हरला जोडलेले. रेड हॅट ४ चा नियमित सपोर्ट २०१२ मध्ये संपला, ओरॅकल १०जी रिलीज २ चा वाढीव सपोर्ट २०१३ मध्ये. नवीन सिस्टिमचं काम चालू आहे, पण ग्राहकाने बारा वर्षांपूर्वीच्या बॅचचा रिपोर्ट मागितला तर तो याच सर्व्हरमधून निघतो. त्यामुळे "बदलून टाका" हा सल्ला बरोबर असला तरी आज दुपारी स्टोअरच्या काउंटरवर त्याचा उपयोग नाही.

रीस्टार्टला हात लावण्याआधी

मी पोचण्यापूर्वी तीन आठवडे तिथे एकच इलाज चालू होता. कनेक्शन गेलं की लिसनर (डेटाबेसच्या दारात बसून नवीन कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम) बंद-चालू करायचा, तरी नाही भागलं तर सर्व्हर रीस्टार्ट. दर वेळी बरं वाटायचं, कारण त्रास मुळात पाच-दहा मिनिटांचाच होता आणि सर्व्हर परत उभा राहीपर्यंत तेवढा वेळ निघून जायचा. पण रीस्टार्टने नेटवर्क कार्डाचे सगळे काउंटर शून्यावर जातात. किती पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, खराब आले, किती टाकून दिले, हा हिशोब तिथेच असतो आणि तोच आपण पुसून टाकतो. सर्व्हर हँग झाला असेल तर प्रश्न वेगळा. पण लॉगिन होत असेल तर रीस्टार्ट करण्यापूर्वी निदान आयएफकॉन्फिग आणि नेटस्टॅट या नेटवर्कची आकडेवारी दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट एका फाइलमध्ये वेळेसकट टाकून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट मी केली ती म्हणजे एक साधी वही. स्टोअरच्या टेबलावर एक, डिस्पॅचला एक, सिन्नरला एक. रकाने पाच: वेळ, कुठलं मशीन, काय करत होतो, एररचा नंबर, आणि बटण दाबल्यापासून किती सेकंदांनी एरर आला. पाचव्या रकान्याला सगळ्यांनीच नाकं मुरडली. "सेकंद कोण मोजणार?" ताईंनी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायला सुरुवात केली आणि त्यांच्यामुळेच अर्धं काम झालं.

सेकंद का मोजायचे

कॉम्प्युटर सर्व्हरकडे कनेक्शन मागतो तेव्हा एक छोटं पॅकेट पाठवतो. तिकडून काहीच उत्तर आलं नाही तर एक्सपी आणि विंडोज ७ तीन सेकंद थांबतात, परत पाठवतात, मग सहा सेकंद थांबतात, परत पाठवतात, मग बारा सेकंद थांबतात आणि नाद सोडतात. तीन अधिक सहा अधिक बारा म्हणजे २१. त्यामुळे नवीन लॉगिन करताना एरर विशीच्या आसपास सेकंदांनी येत असेल, तर आपली हाक पोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही. वाटेत काहीतरी गडबड आहे.

एरर ताबडतोब, एखाद-दोन सेकंदांत आला, तर वाट धड आहे. सर्व्हरपर्यंत पोचलो, पण तिथे १५२१ या पोर्टवर, म्हणजे ओरॅकलच्या ठरलेल्या दारावर, कोणी ऐकायला बसलेलं नाही. हा ओरॅकलचा एरर ओआरए-१२५४१, म्हणजे 'नो लिसनर'. इथे केबल तपासत बसू नका, लिसनर बघा.

आणि आधी काम चालू होतं, मध्येच फॉर्म गोठला आणि काही वेळाने ओआरए-०३११३ आला, म्हणजे 'एंड ऑफ फाइल ऑन कम्युनिकेशन चॅनल', तर जोडलेलं कनेक्शन तुटलेलं आहे. त्याच्या पाठोपाठ दिसणारा ०३११४ हा फक्त 'आता जोडलेलं नाही' एवढंच सांगतो, त्याला वेगळा आजार समजू नका. ०३११३ ची पंचाईत अशी की डेटाबेसची सर्व्हर प्रोसेस कोसळली तरी हाच नंबर येतो. म्हणून डेटाबेसच्या अलर्ट लॉगमध्ये, म्हणजे तो स्वतःच्या मोठ्या घटना लिहितो त्या फाइलमध्ये, त्याच मिनिटाला काही नोंद आहे का ते बघायचं. आमच्याकडे अलर्ट लॉग कोरा होता. प्रोसेस कोसळत नव्हती, वाट तुटत होती.

फॉर्म नुसताच लटकला आणि एरर आलाच नाही, तर पहिली शंका नेटवर्कवर घेऊ नका. बहुतेक वेळा कोणाचं तरी लॉक (तीच नोंद दुसऱ्याने धरून ठेवणं) अडलेलं असतं. लोक त्यालाही "कनेक्शन गेलं" असंच म्हणतात, आणि म्हणून वही लागते.

बारा दिवसांत तिन्ही वह्यांत मिळून एकतीस नोंदी जमल्या. मी त्या एका मोठ्या कागदावर वेळेप्रमाणे मांडल्या आणि लगेच दिसलं की "अधूनमधून" या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे आजार राहत होते. अंबडच्या नोंदी जवळपास सगळ्या सकाळी पावणेअकरा ते सव्वाअकरा आणि दुपारी चारच्या सुमाराच्या. काही ०३११३, काही एकवीस सेकंदांवाल्या. सिन्नरच्या नोंदी जेवणाच्या सुट्टीनंतर लगेचच्या, सगळ्या ०३११३, आणि प्रत्येकीपुढे शेरा: "फॉर्म बंद करून उघडला, चालू झाला." तिसरा गट छोटा, ओआरए-१२५१९ चा, आणि तो फक्त गुरुवारी-शुक्रवारी.

अंबडचा त्रास: पावणेअकराला काय होतं?

पावणेअकराला अकाउंट्समध्ये स्टॉक लेजर एक्सेलमध्ये ओढतात. चारला डिस्पॅचवाले पूर्ण पेंडिंग ऑर्डरची यादी काढतात, आणि त्याच वेळी सर्व्हरवरून बॅकअपची फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी होते. म्हणजे सर्व्हरच्या केबलवर दोन्ही बाजूंनी एकदम गर्दी. गर्दी ओसरली की सगळं ठीक.

लिसनरचा लॉग उघडला. प्रत्येक नवीन कनेक्शनची एक ओळ त्यात पडते, मागणाऱ्या मशीनच्या आयपीसकट, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यासकट. ताईंनी १०:५२ ला एकवीस सेकंदांचा एरर लिहिला होता. लॉगमध्ये १०:५२ ला त्यांच्या मशीनची ओळच नव्हती. मागणी लिसनरपर्यंत आलीच नाही. ही एक तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिच्याने अर्धा पसारा बाजूला होतो: ओळ आहे पण शेवटी शून्याऐवजी एरर कोड आहे, तर डेटाबेसच्या बाजूला जा, ओळच नाही, तर नेटवर्कच्या.

मग 'सार' ही कमांड. लिनक्सवर सिसस्टॅट पॅकेज असेल तर ते दर दहा मिनिटांनी कार्डाची आकडेवारी लिहून ठेवतं आणि मागच्या काही दिवसांची फाइल तयार मिळते. त्यात नेटवर्क एररचा तक्ता काढला. दिवसभर शून्य, शून्य, शून्य, आणि १०:५० च्या ओळीत रिसीव्ह एरर आणि फ्रेम एरर (अर्धवट आलेले तुकडे) दोन्ही वर गेलेले. परत शून्य. चारच्या सुमाराला परत वर. तो तक्ता आणि ताईंच्या वहीचं पान शेजारी ठेवलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाने सांगितलेली वेळ सर्व्हर स्वतः लिहून ठेवत होता, कोणी उघडून बघितलं नव्हतं.

आता कार्ड. इथटूल ही कार्डाची सेटिंग दाखवणारी कमांड चालवून बघितली: स्पीड १०० एमबीपीएस, ड्युप्लेक्स फुल (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं), ऑटो-नेगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणं) ऑफ. शेवटच्या शब्दावर थांबलो. कोणीतरी हे कार्ड हाताने १०० फुलवर बांधून ठेवलं होतं. आणि समोरचा स्विच, सगळ्या केबल जोडणारा डबा? मृगाच्या पहिल्या पावसात विजेच्या झटक्याने जुना मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच गेला होता, आणि त्याच संध्याकाळी बाजारातून साधा अनमॅनेज्ड गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच आणून लावला होता. तक्रारी त्याच आठवड्यापासून सुरू झाल्या. एवढा सरळ धागा कोणाच्या लक्षात आला नाही, कारण स्विच बदलल्यावर पहिले दोन दिवस पावसामुळे हजेरीच कमी होती आणि सगळं सुरळीत चाललं.

इथे काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण जुन्या सर्व्हरवर हा आजार मी वारंवार बघितलाय. दोन्ही टोकं ऑटोवर असतील तर ती आपसात वेग आणि ड्युप्लेक्स ठरवतात. एक टोक हाताने बांधलं की ते बोलणं बंद करतं. दुसऱ्या टोकाला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण समोरचा फुल ड्युप्लेक्स आहे की हाफ हे ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. म्हणजे सर्व्हर समजतो, मी एकाच वेळी बोलूही शकतो आणि ऐकूही शकतो. स्विच समजतो, एका वेळी एकानेच बोलायचं. स्विच बोलत असताना सर्व्हरने बोलायला सुरुवात केली की स्विचला ती टक्कर वाटते, तो आपलं वाक्य अर्ध्यात तोडतो आणि सर्व्हरला अर्धवट फ्रेम मिळते. तीच ती फ्रेम एरर. गर्दी नसेल तेव्हा दोघं एकाच वेळी फारसे बोलत नाहीत, म्हणून दिवसभर काही दिसत नाही.

साध्या पिंगने, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक देऊन उत्तर येतंय का बघणाऱ्या कमांडने, हे पकडता येत नाही. ३२ बाइटचं पॅकेट सहज निसटून जातं. स्टोअरच्या मशीनवरून १४७२ बाइटचं पिंग सतत चालू ठेवलं आणि अकाउंट्सला म्हटलं लेजर ओढा. दहातली दोन-तीन उत्तरं गायब. लेजर संपला, पिंग सुधारलं.

पॅकेट हरवल्यावर फॉर्म का तुटतो आणि सर्व्हरला पत्ता का नसतो, याचंही कारण आहे. विंडोज तेच पॅकेट पाच वेळा परत पाठवतं आणि कनेक्शन मेलं असं ठरवतं, लॅनवर हे दहा-वीस सेकंदांतच होतं. लिनक्स पंधरा वेळा प्रयत्न करतं. म्हणजे समोरच्या माणसाचा फॉर्म तुटलेला असतो आणि सर्व्हर अजून त्याची वाट बघत असतो.

दुरुस्ती, आणि तिच्यात दडलेली खोच

इलाज सरळ होता: सर्व्हरचं कार्ड ऑटोवर आणायचं. पण हे लांबून, नेटवर्कवरून लॉगिन करून करू नका. लिंक काही सेकंद पडते आणि परत उठली नाही तर तुम्ही बाहेर राहता. साडेचारला पाळी बदलते तेव्हा मी सर्व्हरपुढे कीबोर्ड घेऊन बसलो आणि ऑटो चालू केलं.

लिंक उठली नाही. स्विचवरचा दिवा विझला तो विझलाच. दहा सेकंद, वीस सेकंद, काही नाही. परत १०० फुल केलं, दिवा लागला. परत ऑटो, परत अंधार.

त्या वेळी माझ्या मनात आलं की कार्डच खराब असणार, आणि एवढ्या जुन्या सर्व्हरचं कार्ड कुठे शोधायचं याची चिंता लागली. तेवढ्यात तिथले इलेक्ट्रिशियन मामा म्हणाले, "ही केबल आमच्या जुन्या साहेबांच्या वेळची आहे. हिच्यातूनच गेटचा इंटरकॉम गेलाय."

आय-ओ बॉक्स, म्हणजे नेटवर्क केबलच्या सॉकेटचा डबा, उघडला. केबलच्या आठ तारांपैकी नारिंगी आणि हिरवी जोडी नेटवर्कच्या जॅकला होती. निळी आणि तपकिरी जोडी वेगळी काढून, टेप गुंडाळून, शेजारच्या टेलिफोन सॉकेटला नेली होती. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. सर्व्हरचं कार्ड गिगाबिटचं, नवीन स्विच गिगाबिटचा. ऑटोवर ठेवल्यावर दोघांनी आपसात गिगाबिट ठरवलं आणि प्रत्यक्ष जोडायला गेले तर निम्म्या ताराच नाहीत.

म्हणजे कधीकाळी कोणीतरी कार्ड १०० फुलवर बांधलं होतं ते विचार करूनच. केबल वाचवायची होती, एकाच केबलवर दोन कामं काढायची होती, म्हणून त्याने सर्व्हरही बांधला आणि जुन्या मॅनेज्ड स्विचचा पोर्टही बांधला. दोन्ही टोकं जुळलेली होती, म्हणून वर्षानुवर्षं ते चाललं. स्विच गेला तेव्हा त्याच्यातली सेटिंगही गेली आणि जोडीतलं एकच टोक मागे राहिलं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल आदर वाटला, आणि एक ओळ लिहून ठेवली असती तर किती बरं झालं असतं असंही वाटलं.

तात्पुरती सोय म्हणून त्या रात्री मी कार्डाचं ऑटो चालू ठेवलं, पण फक्त १०० फुल एवढंच जाहीर करायला सांगितलं. इथटूलमध्ये 'ॲडव्हर्टाइज' नावाचा पर्याय आहे, तो स्विचशी बोलणं चालू ठेवतो पण गिगाबिट मागत नाही. लिंक उठली, आणि यावेळी स्विचनेही फुल धरलं. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला सर्व्हरसाठी नवीन कॅट-६ केबल ओढली, आठही तारा क्रिम्प केल्या, टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागल्याचं बघितलं आणि मग पूर्ण ऑटोवर आणलं. इंटरकॉमला त्याची जुनी केबल राहू दिली.

एक गोष्ट विसरू नका. इथटूलने केलेला बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही. रेड हॅटमध्ये कार्डाच्या आयएफसीएफजी फाइलमध्ये इथटूल ऑप्ट्सची ओळ असते, जुनं १०० फुल तिथेच लिहिलेलं होतं. ती ओळ बदलली नसती तर पुढच्या रीस्टार्टला आजार परत आला असता, आणि तेव्हा कोणी म्हटलं असतं की दुरुस्ती फसली.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी स्टोअरमध्येच बसून होतो. अकराला ताईंनी वही मिटून माझ्याकडे दिली.

सिन्नरचा त्रास: जेवणानंतरचा पहिला एंटर

सिन्नरच्या नोंदी अंबडच्या दुरुस्तीनंतरही तशाच येत राहिल्या. तिथे चित्र वेगळं होतं. जेवायला जाताना फॉर्म उघडाच ठेवायचा, पाऊण तासाने येऊन एंटर मारला की गोठायचा. कोणी जेवायला न जाता काम करत बसलं, तर त्याला त्रास नाही.

हे ऐकल्यावर वाटेतल्या फायरवॉलकडे बघायचं. फायरवॉल चालू कनेक्शनची यादी ठेवते, आणि बराच वेळ कोणी बोललं नाही तर ते नाव खोडून टाकते. दोन्ही टोकांना ती काही कळवत नाही. आमच्या फायरवॉलवर ही मुदत तीस मिनिटं होती, सुट्टी पंचेचाळीस मिनिटांची. लिनक्सचं स्वतःचं कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का विचारणं) चालू असलं तरी त्याचा पहिला प्रश्न ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो, तेव्हा त्याचा इथे उपयोग नाही.

ओरॅकलकडे यासाठी जुना, खात्रीचा उपाय आहे. सर्व्हरवर ओरॅकल होमच्या नेटवर्क-ॲडमिन फोल्डरमध्ये एसक्यूएलनेट डॉट ओरा नावाची फाइल असते. तिच्यात एसक्यूएलनेट डॉट एक्स्पायर अंडरस्कोर टाइम हे १० केलं. आकडा मिनिटांचा आहे. सर्व्हर दर दहा मिनिटांनी शांत बसलेल्या प्रत्येक कनेक्शनवर छोटं पॅकेट पाठवतो, फायरवॉलला हालचाल दिसते आणि नाव खोडलं जात नाही. फायरवॉलच्या मुदतीपेक्षा हा आकडा निम्म्याहून कमी ठेवा. डेटाबेस रीस्टार्ट करावा लागत नाही, पण आधीपासून जोडलेल्या सेशनला हे लागू होत नाही, म्हणून सगळ्यांना एकदा बाहेर पडून आत यायला सांगा. सर्व्हरऐवजी क्लायंटच्या फाइलमध्ये ही ओळ टाकून "फरक पडत नाही" म्हणणारे मला भेटले आहेत. ती सर्व्हरवरच हवी.

तिसरा गटही इथेच सुटला. १२५१९ म्हणजे लिसनरकडे तुम्हाला जोडून द्यायला मोकळा हँडलर नाही, आणि त्यामागे बहुतेक वेळा प्रोसेसेसची मर्यादा (डेटाबेसमध्ये एका वेळी किती प्रोसेस चालू शकतात तो आकडा) भरलेली असते. आमच्याकडे ती १५० होती. सिन्नरचं प्रत्येक तुटलेलं कनेक्शन सर्व्हरच्या दृष्टीने जिवंतच राहायचं, आणि माणूस परत लॉगिन करून दुसरं उघडायचा. व्ही-डॉलर-सेशन या सेशनच्या यादीत बघितलं तर एकाच मशीनची सहा-सहा सेशन, पाच तशीच निपचित पडलेली. दर सोमवारी सकाळी डेटाबेस बंद-चालू व्हायचा म्हणून सोमवार-मंगळवार मोकळे जायचे, गुरुवारपर्यंत मर्यादा भरायची. काहींनी प्रोसेसेस ३०० करायचं सुचवलं होतं. केलं असतं तर त्रास पुढच्या आठवड्यावर गेला असता, एवढंच. एक्स्पायर टाइमचं पॅकेट मेलेल्या टोकाकडून उत्तर न आल्यावर ते सेशन साफ करतं, म्हणून मर्यादा वाढवायची गरजच पडली नाही.

व्हीपीएनवर आणखी एक आजार यासारखाच दिसतो, तो वेगळा ओळखा. लॉगिन होतं, छोटा फॉर्म चालतो, मोठा रिपोर्ट मागितला की लटकतो. तिथे पॅकेटचा आकार व्हीपीएनच्या बोगद्यात मावत नसतो. फ्रॅगमेंट न करण्याचा पर्याय लावून पिंगचा आकार १४७२ पासून खाली आणत जा. ड्युप्लेक्सच्या आजारात मोठं पिंग कधी जातं, कधी नाही. या आजारात एका ठराविक आकाराच्या वर ते कधीच जात नाही आणि खाली नेहमी जातं. फायरवॉलवर टीसीपी एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, कमी करून तो सुटतो. आमच्याकडे हा नव्हता.

तुमच्याकडे वरचं काहीच जुळत नसेल तर

एकाच वेळी सगळ्यांचं जात असेल आणि वेळेला काहीच नियम नसेल, तर सर्व्हरचाच आयपी दुसऱ्या कोणी घेतलाय का बघा. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, कोणीही असू शकतं. त्रास चालू असताना क्लायंटवर एआरपीचा तक्ता (कोणता आयपी कोणत्या कार्डाचा ते दाखवणारा) काढा आणि सर्व्हरसमोरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, खरा आहे का ताडून बघा. त्यासाठी खरा मॅक आधीच लिहून ठेवलेला हवा. खोटा निघाला तर त्याच्या पहिल्या सहा अंकांवरून कोणत्या कंपनीचं यंत्र आहे ते कळतं आणि शोधायला सोपं जातं.

लिसनर हळूहळू मंदावत गेला असेल तर लिसनर लॉगची साइज बघा. जुन्या ३२-बिट सिस्टिमवर ती फाइल २ जीबीच्या आसपास गेली की लिसनर अडखळतो. लॉगिंग थांबवा, फाइलचं नाव बदला, लॉगिंग परत चालू करा. लिसनर थांबवावा लागत नाही.

नावाने जोडताना अडतं आणि आयपीने जोडल्यावर चालतं, तर नावावरून आयपी शोधणारं डीएनएस किंवा होस्ट्स फाइल बघा. टीएनएसपिंग या ओरॅकलच्या तपासणी कमांडवर मात्र फार विसंबू नका. ते फक्त लिसनर जागा आहे एवढंच सांगतं, पलीकडे डेटाबेसचं काय चाललंय ते सांगत नाही.

आणि नेटवर्कची केबल कॉम्प्रेसरच्या किंवा वेल्डिंगच्या पॉवर केबलला चिकटून एकाच ट्रेमधून नेली असेल, तर मोटर सुरू होतानाच्या वेळा वहीत लिहा आणि ताडून बघा. कोल्ड स्टोरेजवाल्यांना हे विशेष सांगतो, द्राक्षाच्या हंगामात तिथले कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू-बंद होत असतात.

सर्व्हर जुना असल्याने त्याला सुरक्षेचे पॅच येत नाहीत, म्हणून स्विचचं काम चालूच होतं तेव्हा त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकायचं ठरवलं. त्यासाठी परत मॅनेज्ड स्विच घेतला. नवीन स्विच बसवायच्या दिवशी रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर सर्व्हरचा आयपी, खरा मॅक, स्विचचा पोर्ट नंबर, "दोन्ही टोकं ऑटो", "केबल नवीन, आठही तारा", फायरवॉलची मुदत ३०, एक्स्पायर टाइम १०, आणि तारीख. खाली मामांनी आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली: "इंटरकॉमची केबल वेगळी आहे, हिला हात लावू नये."